काट्यावर उभी आक्का

आक्का जिना चढू लागली की आधी तिचा श्वास वर यायचा, मग आक्का. आमच्या चाळीचा तो अरुंद लाकडी जिना. त्याच्या मध्यावर ती थांबायची, कठड्याला हात द्यायची, आणि मनगटात रुतलेल्या तिच्या हिरव्या बांगड्या लाकडावर एकदाच टकटक करून गप्प व्हायच्या. सोलापूरची उन्हाळ्यातली दुपार इतकी निःशब्द असते की भिंतीवरचा चुना तडकलेलाही ऐकू यावा. त्या शांततेत तो दीर्घ, जडशीळ श्वास कानी पडला की मी आतूनच ओळखायची: आक्का पाणी घेऊन आली, आता घागर उंबऱ्याशी टेकवील, पदराने मान पुसेल, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच हसून म्हणेल, "आलं बग, मालगाडीचं इंजान आलं."

ती माझी थोरली जाऊ. तिचं खरं नाव सुभद्रा; पण मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सारी चाळ तिला आक्काच म्हणत होती. आमच्या शहरात हा शब्द मराठीचा आहे, कानडीचा आहे आणि तेलुगूचाही आहे. त्यामुळे अक्कलकोटहून पापड विकायला येणारी म्हातारी असो की शेजारच्या मागावरची विणकरीण, प्रत्येकीला ती आपल्याच घरातली थोरली वाटे. तिचं माहेर मोडनिंबजवळच्या एका वाडीतलं. अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, गिरणीत विणकर होते. एकुलती एक मुलगी शालन. आणि या साऱ्यांवर, भरल्या कणगीसारखी, शांत, गोल, ओसंडणारी आक्का.

देहाने ती विशाल होती, हे सौम्य शब्दांत सांगून भागणार नाही. ती दारातून आत येताना खोलीतला उजेड क्षणभर कमी होई. पण त्या देहाला एक लय होती. ती भाकरी थापायला बसली की तिचे खांदे, दंड, तळहात असे एका तालात हलत, की परातीतून उठणाऱ्या त्या थपथपाटाला मृदंगाची साथ वाटावी. माझा मुलगा रडून कुणाच्या हाती लागत नसला की तो तिच्या मांडीवर जाऊन गपगार होई. मऊपणाला जर ऊब असते, आणि उबेला वास, तर तो वास आक्काच्या पदराला होता. ज्वारीच्या पिठाचा, चुलीच्या धुराचा आणि कापडाच्या स्वच्छ साबणाचा.

बहात्तरच्या दुष्काळाने मात्र त्या देहाची तिला लाज वाटायला लावली. त्या वर्षी माणसं डोळ्यांदेखत वाळत होती. खेड्यांतून शहरात आलेल्या बायकांच्या गळ्याची हाडं उन्हात चकाकत. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीसाठी रांग लागे, आणि त्या रांगेत एके दिवशी आक्काच्या मागून कुणीतरी म्हणालं, "हिच्याकडं बगा की. हिच्या घरात दुष्काळ शिरलाच न्हाय." चारजणी हसल्या. मी शेजारी उभी होते. मला ठाऊक होतं, घरात सगळ्यांत शेवटी आक्का जेवते, आणि त्या दिवसांत ती कित्येकदा अर्धीच भाकर पाण्यात बुडवून खाते. पण देह कोणत्या न्यायाने वाढतो आणि कोणत्या न्यायाने झिजतो, हे रांगेतल्या उपाशी बायकांना कोण सांगणार? त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून जेवू लागली.

पुढच्या वर्षी शालनचं लग्न वेळापूरला झालं. लग्नात फोटोग्राफरने नवऱ्यामुलीच्या आईला एक पाऊल मागे व्हायला सांगितलं, मग आणखी एक. "बाई, बाकीचे झाकले जातात," तो म्हणाला. वाईट बोलला असं नाही, आपलं काम करत होता. आक्का हसत हसत मागे सरली, आणखी मागे सरली, आणि त्या फोटोत शेवटी तिचा फक्त हात आला, शालनच्या खांद्यावर ठेवलेला.

तालमीत जायचं निमित्त ती नव्हती, मी होते. बाळंतपणानंतर माझी कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं होतं. त्याच सुमारास आमच्या पेठेतल्या तालमीत बायकांचा वर्ग सुरू झाला. मुलींच्या शाळेत कवायत शिकवणाऱ्या इंदूताई तो चालवत. चाळिशीतली, सडपातळ, पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली ती बाई पंचांच्या मागे लागून लागून तालमीतला दुपारचा एक तास मिळवून बसली होती. दोन ते तीन. तीनचा भोंगा झाला की पहिल्या पाळीचे लोक सुटत आणि तालीम पुन्हा पुरुषांची होई. पंचांनी एकच अट घातली होती: कोनाड्यातला मारुती ब्रह्मचारी, तेव्हा बायकांच्या वेळेत त्याच्यासमोर पडदा ओढायचा.

सासूबाईंनीही एक अट घातली. "एकटी जायाची न्हाईस. आक्काला संगं घिऊन जा."

म्हणून आक्का आली. राखण म्हणून आली. पहिल्या दिवशी भिंतीलगतच्या बाकावर बसली, पडद्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मारुतीला कशाला गं पडदा? त्यानं डोंगूर उचलला, आन् मला बगून भ्याल व्हय?"

तालमीत त्याआधी बायकांचं असं हसणं कधी उठलं नसेल. आम्ही पंधरा-सोळा जणी होतो आणि एकमेकींपुढे हात वर करायलाही लाजत होतो. त्या हसण्याने सगळ्यांचे हात सुटे झाले. इंदूताईंनी शिट्टी फुंकली. कौलांतल्या काचेतून उन्हाचा एक तिरका पट्टा लाल मातीवर पडलेला असे, आणि त्यात आमच्या सावल्या कधी एका तालात, कधी गोंधळून, खालीवर होत. आक्का बाकावरून बघायची. चार-पाच दिवसांनी ती आमच्याबरोबर आकडे मोजू लागली. तिचा आवाज घुमणारा होता. एक, दोन, तीन, चार. तिच्या मोजण्याला असा ठाम ठेका होता की इंदूताईंनी शिट्टी फुंकायचं सोडून दिलं. आणि मोजता मोजता बसल्याजागी आक्काचे हातही वर जाऊ लागले.

एका दुपारी इंदूताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आक्का, तुमचे हात रोज येतात वर्गाला. उद्यापासून पायांनाही आणा."

"माजं पाय?" आक्का म्हणाली. "त्येनी मला घरापतूर न्यायाचं हाय अजून, बाई."

"म्हणूनच म्हणते."

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. आम्हा पाचवारी नेसणाऱ्यांना वाकताना निऱ्या सावरायला लागत. आक्काच्या नऊवारीचा कासोटा मात्र जणू तालमीसाठीच बांधलेला होता. ती गुडघ्यात वाकली, अर्ध्यावर अडकली, माझ्या खांद्याला धरून पुन्हा उभी झाली, आणि घामाने निथळलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "एक." त्या दिवशी तिने तीनपर्यंत मोजलं.

वजन घ्यायला कोपऱ्यात एक जुना लोखंडी काटा होता. कुणा सूत-व्यापाऱ्याने गोदामातला, सुताचे गठ्ठे तोलायचा, तालमीला देऊन टाकलेला. इंदूताई महिन्यातून एकदा प्रत्येकीला त्यावर उभं करत, मापं सरकवत, दांडी स्थिर झाली की आकडा वहीत लिहीत आणि तिच्या तिच्या कानात सांगत. मोठ्याने कधीच नाही. हा त्यांचा नियम होता. आक्काने पहिल्याच दिवशी तो मोडला. कानातला आकडा ऐकून ती काट्यावरूनच ओरडली, "ब्याण्णव! आयकलं का गं? शंभराला आठ कमी." तिच्या विनोदाला आम्ही हसलो. मी मात्र तिचा चेहरा जवळून पाहत होते. आपल्यावर दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जी एक सावध ओल असते, ती तिथे होती.

पुढचे आठ महिने माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर महिन्यांपैकी होते. आक्काचं वजन हळूहळू उतरलं. महिन्याला दोन किलो, कधी एखादा, तर एखादा महिना काहीच नाही. पण उतरलं ते देहापेक्षा तिच्या वागण्यातून. श्रावणात तिने कित्येक वर्षांनी उकिडवं बसून दारात रांगोळी काढली. पंचमीला फेर धरताना ती मध्येच बाहेर पडली नाही. ती भिंतीकडे पाठ करून, माझ्यासमोर ताट घेऊन जेवायला बसू लागली. वर शेंगाचटणी मागून घेऊ लागली. अण्णा आधी चेष्टा करत, "तालीम करून काय कुस्ती मारनार हाय का?" ती म्हणे, "मारीन की. पयली तुमचीच." दिवाळीला काट्याने ब्याऐंशी दाखवले, आणि अण्णा तिच्यासाठी बांगड्या भरायला कासारणीला घरी घेऊन आले, जुन्या सैल झाल्या होत्या.

वर्गात नरसम्मा नावाची एक बाई होती. तेलुगू विणकरांच्या घरातली, पस्तिशीची, विधवा. दिवसभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायची आणि दोन मुली वाढवायची. बसून बसून पाठ आखडते म्हणून यायची, मागच्या रांगेत उभी राहायची, फारसं बोलायची नाही. तिचा देह स्थूलच होता, आणि तिचा आकडा महिनोन्‌महिने हलत नव्हता. आक्काला ती 'अक्का' अशी हाक मारी, आणि तिच्या तोंडून तो शब्द आमच्यापेक्षा गोड वाटे.

थंडी पडली आणि आक्काचं वजन झरझर उतरू लागलं. मार्गशीर्षात शहात्तर, पौषात सत्तर. आम्ही टाळ्या वाजवल्या. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत तिच्या माहेरच्या बायका भेटल्या, त्यांनी तिला ओळखलंच नाही; ओळखलं तेव्हा तोंडात बोट घातलं. "अगं बया, पोरीवानी दिसायला लागलीस की!" अण्णांनी तिथल्या तिथे तिला जांभळ्या काठाचं एक पातळ घेतलं. तिच्या गालांची हाडं वर आली होती, डोळे मोठे, तकतकीत झाले होते, संध्याकाळी तिच्या मुद्रेवर एक फिकी लाली चढे. आम्हाला ते सौंदर्य वाटलं. आम्ही तिला तसं सांगितलं, रोज सांगितलं. आणि आयुष्यभर कौतुकाला पारखी झालेली ती बाई ते शब्द, तहानलेल्या जमिनीने पाणी प्यावं तसे पीत राहिली.

ती खोकायची. म्हणायची, अण्णांच्या कपड्यांना गिरणीचा कापूस असतो, तो घशात जातो. कधी म्हणायची, तालमीतली माती उडते.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर नळावर मी पाय धूत होते. नरसम्मा माझ्याजवळ आली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "ताई, अक्काला डॉक्टरकडे ने. वजन असं उतरत नाही. हे चांगलं नाही."

मला काय झालं कोण जाणे. आक्काच्या सुखात कुणी खडा टाकतंय असं वाटलं असेल. किंवा त्या सुखाचं थोडं श्रेय मी मनातल्या मनात घेत होते, त्याला धक्का बसला असेल. मी म्हणाले, "का गं? तुझं उतरत नाही म्हणून?"

नरसम्माने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिने हातातला तांब्या नळाखाली धरला, तो भरून वाहू लागला तरी धरूनच ठेवला, मग निघून गेली. मी हे आक्काला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

फाल्गुनात, होळीच्या आधीची दुपार. आम्ही हात पसरून उभ्या होतो आणि आक्का मोजत होती. तिचा आवाज आता पूर्वीसारखा घुमत नव्हता; पातळ, ताणलेल्या सुतासारखा झाला होता. नऊ, दहा, अकरा. आणि बारा आलंच नाही. आम्ही सगळ्या हात तसेच पसरून बाराची वाट पाहत राहिलो. मग खोकल्याचा आवाज आला, तो थांबेना. मी वळून पाहिलं तेव्हा आक्का लाल मातीवर बसली होती, पदर तोंडाशी धरलेला, आणि नरसम्मा मागच्या रांगेतून धावत येऊन तिच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसली होती. तिने आक्काच्या हातातून पदर अलगद सोडवला, पाहिला, आणि घडी करून आत दडवला. पण मला दिसलं होतं. रक्त होतं.

"टांगा बोलवा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

सरकारी दवाखान्यात नरसम्मा सगळ्या खिडक्या ओळखत होती. कुठे चिठ्ठी काढायची, कुठे थुंकी द्यायची, छातीचा फोटो कुठे काढतात. बाकावर बसल्या बसल्या मी तिला विचारलं, "तुला कसं ठाऊक गं हे सगळं?"

"माझा नवरा," ती म्हणाली. "त्याला पण लोक म्हणत होते, बारीक झाला, छान दिसतो. मी पण म्हणत होते." ती पुढे म्हणाली, "आम्ही उशिरा आलो. तुम्ही उशिरा नाही आलात. अक्का बरी होईल."

मी तिचे हात धरले. तंबाखूने काळवंडलेली तिची बोटं माझ्या बोटांत होती, आणि मला क्षमा मागायची होती, पण रडूच आलं. ती म्हणाली, "राहू दे. त्या दिवशी मीच जोरात सांगायला पाहिजे होतं."

डॉक्टरांनी क्षय सांगितला. तीन महिने रोज सुई, दीड वर्ष गोळ्या, चांगलं खाणं, पूर्ण विश्रांती. एक्स-रेचं ते काळं पान खिडकीच्या उजेडात धरून आक्का बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "लग्नात माजा फोटू निगाला न्हाय. आता निगाला बग. मदोमद मीच हाय."

खरं बोलली ती घरी आल्यावर. मी तिचं अंथरूण खिडकीशी घालत होते.

"सुमे, ताप येत हुता त्यो कळत हुता की गं मला. रोज सांजंला यायचा. खोकल्यात रगात बी एकदा दिसलं हुतं, संक्रांतीच्या टायमाला."

"मग बोलला का नाहीत, आक्का?"

"काटा खाली येत हुता ना." ती छताकडे पाहत होती. "मला वाटलं, द्येव पावतोय. जल्मात पैल्यांदा समदी चांगली म्हनत हुती मला. बोलले असते तर थांबलं असतं समदं."

त्या वाक्याने मी जी अपराधी झाले ती आजपर्यंत. आमचं प्रत्येक कौतुक, प्रत्येक टाळी, जत्रेतलं ते जांभळ्या काठाचं पातळ, सगळं तिच्या मुक्या संमतीने तिला आतून पोखरत होतं, आणि आम्ही तिला आरसा दाखवत होतो.

सासूबाईंनी तिचं ताट-तांब्या वेगळा काढला. चाळीतल्या मुलांना आमच्या दाराशी खेळायला बंदी झाली. माझा मुलगा दूर ठेवायचा, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तो दारातून हात पसरून तिच्याकडे झेपावायचा, आणि ती खिडकीतून त्याला नुसते आकडे मोजून दाखवायची. वर्गातल्या सहा जणींनी यायचं सोडलं. इंदूताईंनी कुणाला बोल लावला नाही. फक्त रांगेतली आक्काची जागा त्यांनी कुणाला दिली नाही. तिथे लाल मातीचा एक मोकळा चौकोन रोज तासभर राहायचा.

अण्णा मितभाषी माणूस. त्यांनी गिरणीत सांगून दुसरी पाळी मागून घेतली आणि रोज सकाळी आक्काला सुईसाठी सायकलवरून न्यायला लागले. वीस वर्षांच्या संसारात ती कधी त्यांच्या सायकलवर बसली नव्हती. कधी बसेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. चैत्र लागला होता, रस्त्याकडेच्या लिंबांना मोहर होता, त्याचा कडवट गोड वास सकाळच्या गार हवेत तरंगत असे. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून पाहत होते. ती कॅरियरवर एका बाजूला बसली, त्यांनी पायडल मारलं, आणि दहा-बारा हातांवर जाऊन अचानक ब्रेक लावला. मागे वळून पाहिलं.

"का वं? का थांबला?" आक्का म्हणाली.

"बसलीस का न्हाय, कळंना," अण्णा म्हणाले. "वजनच लागंना गं सायकलीला."

ते उतरले. हँडल तसंच हाती धरून, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तो रुंद खांद्यांचा विणकर रडला. आक्काने आपल्या हाडकुळ्या हाताने त्यांच्या शर्टाची मागची चुणी सरळ केली आणि म्हणाली, "चला. सुईवाली बाई वाट बगील."

तीन महिने ते असेच जात-येत राहिले. नरसम्मा रोज विड्यांचा माल पोचवून येताना दोन उकडलेली अंडी पदरात बांधून आणी. दारात बसायची आणि आक्काची ती खाऊन होईपर्यंत हलत नसे. तिने सासूबाईंना एकदाच विचारलं, "आजी, मी माझ्या नवऱ्याच्या ताटात जेवले. मला काय झालं?" त्या संध्याकाळी आक्काची भाकरी सासूबाईंनी स्वतः थापली, आणि तिच्या अंथरुणाशी बसून, अंगठ्याने कुस्करून दुधात घातली.

ज्येष्ठात थुंकीची तपासणी स्वच्छ आली. माझ्या मुलाला मी स्वतः नेऊन आक्काच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम नाही, पण माणसांत जायला हरकत नाही. त्या दुपारी आम्ही तिला तालमीत नेलं. ती पुन्हा बाकावर बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशी. फक्त आता बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना बरीच जागा उरली होती. वर्ग सोडून गेलेल्यांपैकी तिघी परत आल्या होत्या आणि तिच्याकडे पाहायचं टाळत होत्या.

तास संपल्यावर इंदूताई म्हणाल्या, "आक्का, काट्यावर या."

ती उभी राहिली. आजाराच्या ऐन भरात ती छप्पन्न किलोवर आली होती. इंदूताईंनी मापं सरकवली. दांडी वर झाली, खाली झाली, थरथरत स्थिरावली. तालमीत इतकी शांतता होती की कौलांवरच्या पारव्यांची पावलं ऐकू येत होती. आणि आजवर प्रत्येकीचा आकडा कानात सांगणाऱ्या इंदूताईंनी शिट्टी तोंडात धरून ती जोरात फुंकली. मग म्हणाल्या, "अठ्ठावन्न आणि अर्धा!"

अडीच किलो. वजन उतरवायला तालमीत जमलेल्या बायका एकीचं वजन चढल्यावर अशा ओरडल्या, अशा टाळ्या पिटू लागल्या, की शेजारचा पानवाला काय झालं म्हणून दारात आला. नरसम्मा हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. आक्का काट्यावरून उतरायलाच तयार नव्हती. "पुन्ना बगा, बाई," ती म्हणत होती, "पुन्ना एकदा बगा की." तेवढ्यात तीनचा भोंगा झाला, पण त्या दिवशी कुणीच घाईने पदर सावरला नाही.

नंतरच्या प्रत्येक महिन्याला आम्ही त्या आकड्याची वाट पाहिली. साठ. साडेबासष्ट. पासष्ट. दीड वर्षांनी गोळ्या संपल्या तेव्हा ती सत्तरीला पोचली होती, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती रांगेतल्या आपल्या चौकोनात पुन्हा उभी राहिली. वजन पुढे थोडं वाढलं, थोडं उतरलं. तिने त्याचा पुन्हा कधी ध्यास घेतला नाही, आणि व्यायामही कधी सोडला नाही. "अंगाला इचारून करायचं," ती नव्या बायकांना सांगे, "आरशाला इचारून न्हाय." कुणी झटकन बारीक दिसू लागली की ती कौतुक करत नसे. हात धरून विचारायची, "जेवन जातंय का? सांजंला ताप येतोय का?" दोघींना तिने तसं विचारून विचारून दवाखान्यात नेलं, त्यांतली एक खरोखरच वेळेवर पोचली होती.

तो वर्ग पुढे सात-आठ वर्षं चालला. मग इंदूताईंची बदली झाली, तो दुपारचा तास गेला. त्यानंतर गिरण्याही गेल्या, भोंगे गेले. नरसम्माच्या मुली शिकल्या. एक नर्स झाली, एक भिवंडीला दिली. अण्णा आधी गेले. माझा मुलगा चिंचोळीच्या एका कारखान्यात लागला, आम्ही त्या बाजूला घर घेतलं आणि आक्काला आमच्याकडे आणलं. तिथेच, साठी ओलांडून बरीच वर्षं झाल्यावर, एका कार्तिकातल्या सकाळी, पाठीवर ऊन घेत बसली असताना ती गेली. नरसम्मा आली होती. तिने काही केलं नाही. नुसती आक्काच्या पायांशी बसून राहिली, आणि मी तिच्याशेजारी.

आक्का गेली त्या वयाला आता मीही येऊन टेकले आहे. पुष्कळदा मी डोळे मिटून त्या हिवाळ्यातली तिची मुद्रा आठवू पाहते. गालांचा तो नितळ उंचवटा, ते मोठे तकतकीत डोळे, संध्याकाळची ती फिकी लाली, जिची आम्ही सगळ्यांनी जत्राभर वाखाणणी केली. ती मुद्रा येत नाही. कितीही आठवलं तरी येत नाही. येते ती परातीपुढे बसलेली, दंड हलवणारी, दार भरून टाकणारी आक्का, जिला आम्ही मागे सरायला लावलं होतं. काळ देह घेऊन गेला, त्याचा तो हक्कच होता. पण स्मृतीने दोन आक्कांमधून कुणाला ठेवायचं हे मला न विचारता ठरवलं, आणि ज्या रूपाला जग हसलं तेच तिने जिवापाड जपून ठेवलं.